निवळणीच्या भट्टीवरची सळई

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारी मी लोखंडाची एक जुनी सळई आहे. तांब्याच्या कारखान्यात, निवळणीच्या भट्टीजवळच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर मी आडवी पडलेली असते. माझे एक टोक झिजून बोथट झाले आहे. त्याचे दुःख नाही. रोज आगीत डोके घालणाऱ्याला पुढे पुढे फारसे काही वाटेनासे होते.

माझे काम सांगते. मोठ्या भट्टीत खनिज वितळले की तांब्याचा जड रस खाली बसतो आणि दगडाचा वितळलेला मळ वर तरंगतो. पण त्या मळात तांब्याचे बारीक थेंब अडकून राहतात. म्हणून तो मळ आमच्या भट्टीत आणतात, कोळशाची पूड टाकून पातळ करतात, गरम ठेवतात आणि नुसती वाट पाहतात. थेंब एकमेकांना बिलगून जड होतात, तळाशी जातात. मग मला आत बुडवून वर काढत. रस कुठवर आणि मळ कुठवर, याची रेघ माझ्या अंगावर उमटे. रेघ स्वच्छ असेल तरच मळ बाहेर सोडायचा. फाटकी असेल, तर तांबे अजून वाटेत आहे.

ही रेघ पाहण्यात आमच्या भट्टीच्या मुख्य कारागिराची, म्हणजे भट्टीवाल्यांची, हयात गेली. त्यांचा सावकाशपणा पाहून सगळे त्यांना कासवराव म्हणत. त्यांची मुलगीही याच भट्टीवर लागली. तिने काही सुचवले की ते म्हणत, "घरी दूध उतू घालवते आणि इथे मला शिकवते!"

पुढे साहेबांनी बजावले, "ही भट्टी नुसती वीज खाते. टाकाऊ मळाचा नमुना तपासू. त्यात तांबं जास्त निघालं, तर भट्टी बंद." त्याच आठवड्यात भट्टीवाले छातीत कळ येऊन गेले.

नमुन्याच्या दिवशी मुलगी कामावर आली. चेहरा कोरा होता. तिने मला बुडवून वर काढले. रेघ फाटकी होती.

भट्टीवाल्यांचे कामातले जोडीदार, ज्यांना ती काका म्हणे, पुढे झाले. तिला आज इथे उभे राहावे लागू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. मळाचे तोंड उघडायचा गज त्यांनी उचललासुद्धा.

"सोडून टाकू मळ, पोरी. तू घरी जा. आई एकटी आहे."

"रेघ बघितलीत ना, काका?"

"आज तरी रेघ राहू दे गं. घरी जाऊन रड जरा."

"रडू येत नाहीये. तो गज ठेवा खाली."

"अगं, पण—"

"बाबा गेले, ते माझ्या हातात नव्हतं. भट्टी आहे."

काकांनी गज ठेवला. तिने आणखी पूड टाकली. कोणी तिच्या हाती चहा दिला. त्यावर साय धरली, तरी तो तसाच राहिला. मला पुन्हा बुडवले. रेघ अजून फाटकीच. सगळे वाट पाहत राहिले. त्यानंतरच्या खेपेला रेघ सरळ, स्वच्छ आली आणि मळ काळा, गुळगुळीत वाहून गेला.

नमुन्यात तांबे नावालाच निघाले. भट्टी राहिली. बातमी ऐकून काकांनी डोळे पुसले. मुलगी म्हणाली, "बरं झालं," आणि पुढच्या कामाला लागली.

माझे टोक मात्र इतके झिजले की मी आता तळापर्यंत पोचत नाही. नवी सळई आली. माझ्यावर हातमोजे वाळत घालतात.

परवा भर दुपारी मुलगी ते हातमोजे घ्यायला आली आणि भिंतीला टेकून एकाएकी हुंदके देऊ लागली. काकांनी पाहिले. या वेळी त्यांनी तिला घरी जा म्हटले नाही. ते तिच्याकडे पाठ करून वाटेत उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला दुसरीकडून पाठवू लागले.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. वितळलेले काही तुमच्या वाट्याला आले, तर ते लवकर ओतून मोकळे होऊ नका. त्याची ऊब राखा, आणि ते निवळेपर्यंत जवळपास राहा.