तोफेची आठ मिनिटं

दुपारचे बारा चाळीस झाले की रेडिओवर तोफ सुटायची, ती बारा अठ्ठेचाळीसला थांबायची. मध्ये टाचणी पडायलाही जागा नाही. तोफसाहेब पन्नाशीचे, अंगानं काडी, पण आवाज असा की काचेपलीकडच्या यंत्रांचे काटे थरथरावेत. बोलताना डोळे घट्ट मिटलेले. विषय रोज नवा. ओरडायचे खूप, पण जाणूनबुजून खोटं कधी बोलले नव्हते, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या आठवड्यात त्यांच्या तोंडी सापडला होता एक बिस्किटांचा कारखाना. तिथल्या मालकानं बाहेरच्या देशांतून आलेल्या कामगारांना दुपारच्या प्रार्थनेसाठी दहा मिनिटं आणि एक रिकामी खोली दिली होती. झालं, दारूगोळा मिळाला. "आज दहा मिनिटं, उद्या तास! आज खोली, उद्या मजला! आणि भट्टीतल्या बिस्किटांनी काय करायचं? करपायचं?" चार दिवस रोज बिस्किटं करपत होती.

काचेपलीकडे आवाजाची बटणं सांभाळायचे पाहुणे. नऊ वर्षांपूर्वी परदेशातून इथे नोकरीला आले, तेव्हा कुणीतरी 'या पाहुणे' म्हटलं आणि तेच चिकटलं. नऊ वर्षांत त्यांची मुलगी इथल्या शाळेत चौथीत गेली, बायको शेजारणीशी इथल्या भाषेत कडाकडा भांडायला शिकली, पण हे आपले अजून पाहुणेच.

आणि पाहुण्यांचं एक गुपित होतं. कार्यक्रमाआधी ते हातपाय धुऊन बसायचे. तोफ सुटली की चाळीस सेकंद काटा बघायचे, आवाजाची पातळी स्थिर झाली की हळूच उठायचे, जुन्या टेपांच्या खोलीत चटई टाकून दुपारची प्रार्थना करायचे आणि शेवटची चाळीस सेकंद उरली की पुन्हा खुर्चीत. अख्ख्या इमारतीत हे दोघांनाच माहीत नव्हतं. एक मॅनेजर, ते वरच्या मजल्यावर बसायचे. आणि दुसरे तोफसाहेब, ते डोळे मिटून बोलायचे.

माहीत होणं परवडणारंही नव्हतं. थेट कार्यक्रमात बटणांची खुर्ची सोडली की नोकरी गेली, असा स्टेशनचा नियम. पाहुण्यांची नोकरी गेली की इथे राहायचा परवाना गेला. तो परवाना याच महिन्यात संपत होता आणि त्यासाठीचं पत्र मॅनेजरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं.

शुक्रवारी सकाळी काकूंनी पाहुण्यांना गाठलं. काकू म्हणजे स्टेशनचा टेलिफोन आणि टाइपरायटर. कीर्तनं हा त्यांचा जीव की प्राण. कुठेही असोत, काकू पहिल्या रांगेत. तोफसाहेबांची भाषणं टाइप करताना म्हणायच्या, "यात सूर तेवढा नाही हो, बाकी सगळं आहे."

"आज काही उठायचं नाही," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "आज साहेबांच्या भाषणाच्या शेवटी आपल्या स्टेशनचं कौतुक आहे. मी स्वतः टाइप केलंय. 'आमच्याकडे असलं एक मिनिटही वाया जात नाही.'"

पाहुण्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे ते खोटं बोलणार?"

"त्यांना कुठे ठाऊक आहे! त्यांच्यापुरतं ते खरंच."

"मला ठाऊक आहे ना, काकू. मी सांगतो त्यांना."

"सांगा, आणि बांधा बोचकं! बायकोला काय सांगाल?"

"तिनंच सांगितलं होतं, असं किती दिवस लपूनछपून करणार म्हणून."

पण तोफसाहेबांना सांगणार कसं? ते नेहमीप्रमाणे एक मिनिट आधी धापा टाकत आले.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

"बोलायचं काम माझं, पाहुणे! तुम्ही बटणं बघा. नंतर, नंतर." काचेचं दार बंद. लाल दिवा लागला.

चाळीस सेकंदांनी पाहुणे उठले. दारात काकू हात पसरून उभ्या.

"आज एक दिवस देव रागावणार नाही."

"तो नाही रागावणार. पण आज भीतीनं बसलो, तर सोमवारी कुठल्या तोंडानं उठू?" पाहुणे कसंबसं हसले. काकू बाजूला झाल्या आणि गुपचूप त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

आत तोफ रंगात आली होती. कारखाना पुरता भाजून झाला, आणि तिसऱ्याच मिनिटाला तोफसाहेब कागद सोडून भरकटले. "आणि आमच्याकडे बघा! आमची बटणं कोण सांभाळतो? बाहेरून आलेलाच माणूस! नऊ वर्षं! एकदा तरी खुर्चीवरून हलला? अहो, त्यालाच विचारा!"

आणि विचारण्यासाठी त्यांनी डोळे उघडले.

खुर्ची रिकामी. पाठीवर कोट, टेबलावर चष्म्याचं घर, आणि खुर्चीमागे काकू.

एक सेकंद. दोन. तीन. चार. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे छप्पर कोसळल्यासारखंच. काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि एक बटण दाबलं. अडीअडचणीला असावं म्हणून ते पाहुण्यांनीच त्यांना दाखवून ठेवलं होतं. त्यातून बोललेलं फक्त तोफसाहेबांच्या कानात जायचं.

"अहो, बोला! थांबू नका! ते प्रार्थनेला गेलेत."

तोफसाहेबांचे डोळे बशीएवढे झाले. माईक चालू, विचारता येईना. त्यांनी भुवया उडवल्या: कधीपासून?

काकूंनी काचेला नऊ बोटं लावली.

मग तोफसाहेबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला: माझ्याच वेळात?

"तुमच्याच. बाकी कुणाच्या कार्यक्रमात ते जागचे हलत नाहीत. कोण कधी अडखळेल, काय नेम! तुम्ही आठ मिनिटं थांबत नाही, एवढा भरवसा त्यांना तुमचाच आहे."

तोफसाहेबांनी आवंढा गिळला. तो रेडिओवर ऐकू गेला.

"श्रोतेहो," ते म्हणाले, आणि आवाज चक्क माणसासारखा होता, "मी आत्ता जे बोललो ते चूक निघालं. खुर्ची रिकामी आहे. आमचे पाहुणे प्रार्थनेला गेलेत. नऊ वर्षं रोज जातात म्हणे. तुम्हाला कधी कळलं? मला दहा फुटांवर बसून कळलं नाही. चार दिवस मी ओरडतोय की अशानं काम कोलमडेल. नऊ वर्षांत माझंच कोलमडायला हवं होतं. नाही कोलमडलं. आता काय बोलू?"

बोलायला अजून चार मिनिटं होती आणि पुढचा कागद निरुपयोगी. मग तोफसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा नुसतं समोर दिसेल ते सांगायला घेतलं. कोटाचं बाहीपाशी ठिगळ. चष्म्याच्या घरावर मुलीनं चिकटवलेला कागदी ससा. आपल्या आवाजाबरोबर हलणारा काटा, जो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. काकू ऐकत राहिल्या. कीर्तनात वादकाची तार तुटते, तो ती बदलेपर्यंत बुवा एकटेच ओळ धरून ठेवतात, आणि कधी कधी तीच ओळ सगळ्यात गोड लागते. अगदी तसं चाललं होतं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

शेवटची चाळीस सेकंद उरली आणि पाहुणे बाह्यांची बटणं लावत दारात आले. समोर काकू, काचेपलीकडे उघड्या डोळ्यांचे तोफसाहेब. पाहुण्यांना काय ते उमगलं. ते गुपचूप खुर्चीत बसले.

"आले बरं का," तोफसाहेब म्हणाले. "घड्याळ लावून घ्या."

लाल दिवा विझला तशा काकू घणघणत्या फोनकडे धावल्या, आणि त्या फोन आवरून परततात न परततात तोच मॅनेजर धाडधाड जिना उतरून आले. "थेट कार्यक्रमात खुर्ची सोडली? नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब," पाहुणे उभे राहिले. "मी आजच सांगणार होतो."

"सांगत होते ते. मीच ऐकलं नाही," तोफसाहेब मध्ये आले. "आणि कार्यक्रम माझा आहे. मी सांभाळत होतो."

"तुम्हाला ठाऊक तरी होतं का?"

"म्हणून काय झालं? न कळता नऊ वर्षं सांभाळलं, कळून नाही सांभाळता येणार?"

मॅनेजर काकूंकडे वळले. "फोन किती आले?"

"अठरा. सात जणांनी शिव्या घातल्या, ते रोजचेच. कारखान्याच्या मालकांनी भट्टी बघायला बोलावलंय. आणि एक आजोबा म्हणाले, आज पहिल्यांदा शब्द न् शब्द कळला."

मॅनेजरांना हसू आवरेना. "पण नियमाचं काय करू?"

"त्याखाली एक ओळ वाढवा," तोफसाहेब म्हणाले. "काकू, घ्या लिहून. बारा चाळीस ते अठ्ठेचाळीस, खुर्चीची जबाबदारी तोफेची."

काकूंनी ओळ टाइप करून पुढे ठेवली, आणि तिच्याखाली हळूच मॅनेजरांच्या टेबलावरून आणलेलं परवान्याचं पत्रही सरकवलं. मॅनेजरांनी दोन्ही वाचलं, पेन काढलं आणि दोन्हींवर सही केली.

पत्र हातात पडल्यावर पाहुणे खाली बसले ते बसलेच. तोफसाहेब मात्र घुटमळत होते.

"पाहुणे, एक विचारू? म्हणजे नऊ वर्षांत तुम्ही माझं भाषण एकदाही ऐकलं नाही?"

"ऐकतो ना! पहिली चाळीस सेकंद आणि शेवटची चाळीस."

"आणि मधलं?"

"मधलं अंदाजानं कळतं, साहेब."

काकूंना ठसका लागला. तोफसाहेबांनी कागद गोळा केले. "हसा, हसा. माझं मत अजून बदललेलं नाही, सांगून ठेवतो. सोमवारी त्या कारखान्याला परत झोडणार आहे. भट्टी बघून आल्यावर."

"झोडा की," पाहुणे म्हणाले. "फक्त आठ मिनिटं पुरी करा."