नाण्यावरचे हात

पुस्तकबांधणी करणारे मामा जन्मापासून बहिरे. त्यांची बायको, म्हणजे मामी, गेली आणि घरातलं हातांनी बोलणंच बंद पडलं. कुणी आलंच तर मोबाइलवर दोन ओळी टाइप करून वाटेला लागायचं.

अशात टांकसाळीचं बोलावणं आलं. अपंगांच्या सन्मानार्थ खास नाणं निघणार होतं. त्यावर खुणांच्या भाषेतला 'भेट' हा शब्द हवा होता. मामांनी दोन्ही तर्जन्या समोरासमोर आणून टेकवून दाखवल्या. शिल्पकार बाईंनी कागदावर लिहिलं, 'टेकायच्या आधी थांबा. हलू नका.' मामा तसेच बसून राहिले. खांदे भरून आले, पण कुणीतरी आपल्या हातांकडे टक लावून बघतंय याचंच त्यांना अप्रूप.

नाण्याच्या अनावरण समारंभाला भाची दुभाषी म्हणून आली. लहानपणी तिचे हात मामीसारखेच भराभर चालायचे. प्रमुख पाहुण्यांचं भाषण रंगलं. लोक खो-खो हसले, मग काहींनी डोळे पुसले.

"काय म्हणाले?" मामांनी खुणेनं विचारलं.

भाचीचे हात अडखळले. "छान बोलले."

"एवढंच? लोक रडले ना!"

तिनं मान खाली घातली आणि मोबाइलवर लिहिलं, 'मामा, विसरले रे मी सगळं. मामी गेली, सवय मोडली.'

"मी होतो की," मामा हातांनी म्हणाले.

भाचीला तेही कळलं नाही. ती हसून हो म्हणाली. मग मामाही हसले.

पाहुण्यांनी डबी दिली. नाण्यावर बोटांच्या मधे केसभर फट होती. मामांना ते 'भेट' असं वाचताच येईना. ते सांगायला त्यांनी हात उचलले, तर पाहुण्यांनी फोटोसाठी दोन्ही हात प्रेमानं धरून ठेवले. फोटो होईपर्यंत मामा गप्प.

भाचीनं त्यांना घराच्या दारापर्यंत सोडलं आणि ती घाईनं गेली. मामा कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि मामीला सांगावं तसं सगळं सांगू लागले. बाईंचा स्टुडिओ, गर्दी, भाचीची साडी. भाषण ठाऊक नव्हतं, ते त्यांनी मनानंच रचलं. हसवणारा भाग झकास जमला, एकटेच हसले. रडवणाऱ्या भागाशी मात्र हात थबकले. तेवढा त्यांनी सोडून दिला आणि चहाचं आधण ठेवलं.