विश्वासाने सांगितलेलं

रसेल टिब्स कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये शिरला तो सामन्यांचे व्हिडिओ कापायला. पगार नाही, झोपायला कोचच्या तळघरातला सोफा. मग एका गावात तिसरा सहायक, पुढच्या गावात दुसरा. दर थोड्या वर्षांनी बायको मर्ना खोकी बांधायची आणि मुली नव्या शाळेत रडायच्या. मुख्य कोच व्हायचं तर वर चढायला हवं, आणि या धंद्यात वर चढणं म्हणजे गाव सोडणं.

इंडियानातल्या एका छोट्या कॉलेजात असताना त्याने गॅरी शहरातला डेमंड व्हिटलॉक हेरला. लांब हातांचा, अबोल पोरगा. रसेल त्यांच्या घरी इतक्यांदा गेला की डेमंडची आई लोरेटा त्याला न विचारताच ताट वाढायला लागली. ती सिटी बस चालवायची आणि शनिवारी मासे तळायची.

एकदा डेमंड बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "कोच, एक सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. याचा मोठा भाऊ गेला ना, तेव्हा चर्चमध्ये याला एकट्याला उभं करून बोलायला लावलं. तेव्हापासून सगळे एकट्या याच्याकडे बघायला लागले की याचे हात कापतात. खेळाच्या धांदलीत काही होत नाही. पण फाऊल झाल्यावर रेषेवरून एकट्याने फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की बघा. सांभाळून घ्याल ना?"

"कॉलेजची चारही वर्षं मी त्याच्या शेजारी असेन," रसेल म्हणाला. म्हणताना ते त्याच्या मनातलंच होतं.

डेमंडने रसेलच्या कॉलेजाकडून खेळायची सही केली. पाठोपाठ ओहायोतल्या एका बड्या कॉलेजाचा फोन आला आणि रसेलने हो म्हणून टाकलं. लोरेटाला कळवायचं काम त्याने दुसऱ्या सहायकावर ढकललं.

डिसेंबरमध्ये रसेलचं जुनं कॉलेज ओहायोच्या मैदानावर खेळायला येणार होतं. इथल्या मुख्य कोच ऑर्बॉकने त्याला खोलीत बोलावलं. "काय रे, हा व्हिटलॉक तूच शोधलेला ना? सगळ्यांना झोडपत सुटलाय. आवरायचा कसा?"

पहिल्या सहायकाची जागा रिकामी व्हायची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"फाऊल करा त्याला. मुद्दाम, परत परत," रसेल म्हणाला. "रेषेवर एकटा उभा राहिला की तो गारठतो."

"हे कुठून कळलं तुला?"

"ओळखतो मी त्याला."

सामन्यात तसंच झालं. डेमंड रेषेवर गेला, सगळं स्टेडियम ओरडायला लागलं, चेंडू कडीला लागून उडाला. पुन्हा फाऊल, पुन्हा तेच. शेवटी त्याच्याच कोचने त्याला बाकावर बसवलं. त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. ऑर्बॉक रसेलच्या पाठीवर थाप मारत हसला.

सामना संपल्यावर डेमंड स्वतःहून त्याच्याकडे आला. "कोच! मुली कशा आहेत? आज माझी पार वाट लागली हो. तुम्ही असता तर काहीतरी सांगितलं असतंत." त्याने रसेलला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून रसेलला लोरेटा दिसली. बसवाल्यांचं जॅकेट घालून ती भिंतीशी उभी होती. ती पुढे आली नाही.

घरी मर्नाने विचारलं, "जिंकलात ना? मग असा का बसलायस?" तो उठून भांडी विसळायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. बऱ्याच वेळाने लोरेटाने उचलला.

"मिसेस व्हिटलॉक, मी..."

"माफी मागणार असाल तर राहू द्या."

"त्याला मी स्वतः सांगतो. माझ्यामुळे झालं, हे त्याला कळायला हवं."

"नको." तिचा आवाज चढला नाही. "तुमचं ओझं हलकं करायला माझ्या पोराला दुखवायचं नाही. आईने आपली गोष्ट परक्याला सांगितली, हे त्याला कळावं असं वाटतं तुम्हाला? तो तुम्हाला चांगला माणूस समजतो. समजू दे." तिने फोन ठेवला.

हंगाम संपला तसा रसेल पहिला सहायक झाला. ऑर्बॉकने सगळ्यांसमोर सांगितलं, "याला पोरांची नस सापडते." टाळ्या वाजत असताना रसेल बुटांकडे बघत राहिला.

संध्याकाळी डेमंडचा मेसेज आला. 'अभिनंदन कोच. तुमच्यासारखं व्हायचंय मला, खेळणं संपल्यावर.'

रसेलने बरंच काही लिहिलं, सगळं पुसलं. शेवटी 'थँक्स' एवढंच पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.