रोममधलं तणीस

पिक्चर कसा वाटला, हे लोकांना विचारणं माझं काम आहे. गोंदियातल्या एका टॉकीजच्या फाटकाबाहेर मी माईक घेऊन उभा राहतो, शो सुटला की माणसं अडवतो आणि त्यांची मतं माझ्या चॅनलवर टाकतो. माझं नाव प्रफुल. हे काम मला कोणी दिलेलं नाही, मीच अंगावर घेतलंय. सहा वर्षांत एवढं कळून चुकलंय की चांगल्या मताला कुत्रंही विचारत नाही. कोणी ‘छान होता’ म्हटलं की मी मनातल्या मनात चरफडतो. नावं ठेवणारा माणूस भेटला की माझा दिवस चांगला जातो.

रोमचा तो पिक्चर दिवाळीनंतर लागला. बाहेरदेशी बनलेला, हिंदीत बोलणारा, पावणेतीन तासांचा. पहिल्या दिवशी मतं अगदीच मिळमिळीत आली. फुलचूरचे एक मास्तर म्हणाले, इतिहास बरा आहे पण लांबण फार. एक बाई म्हणाल्या, “एवढा मोठा राजा, अन् अंगात धड कुडता नाही.” कॉलेजच्या एका पोराला हिरो मेल्याचा राग आला होता. “मारायचंच होतं तं तीन घंटे कायले बसवून ठेवलं?” यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं.

चालण्यासारखं जे होतं, ते हॉलमध्येच सापडलं होतं. माझ्याबरोबर गुड्डू होता, माझा मित्र, मोबाइल दुरुस्तीवाला. पिक्चरमध्ये बादशहा एका गोल मैदानात पाणी भरायला लावतो आणि त्यात जहाजांची लढाई लावून देतो. पाणी सोडायला एक गुलाम दगडी पायऱ्यांच्या अरुंद विहिरीत उतरतो. प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी खुंटी. तो वरची खुंटी उपसतो, मग तिच्याखालची, मग तिच्याही खालची. आणि प्रत्येक खुंटीला पिवळ्या काड्यांचा वेढा दिलेला. गुड्डू खुर्चीतून उडालाच. “अबे, ये तो तनीस है! धान का तनीस!”

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तणीस ओळखायला वेळ लागत नाही. धान मळून झाल्यावर जे उरतं, ढोरांपुढे पडतं, ते तणीस. मी फोन काढला, पडद्यावरची अकरा सेकंदं चोरून टिपली आणि हसतहसत वर बोललोही, “रोममध्ये धान कोनी लावला बे? कोन्या अडाण्यानं बनवलं हे?” गुड्डूला तर ठसकाच लागला.

ती अकरा सेकंदं मी संध्याकाळी टाकली. खुंटीभोवती लाल गोल काढला, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेलं पिवळं तोंड चिकटवलं. चार दिवसांत पाच लाख लोकांनी ती पाहिली. मोठ्या चॅनलवाल्यांनी उचलली, इंग्रजीतूनही कोणीतरी चर्चा केली. एवढ्या थोर पिक्चरची फजिती गोंदियाच्या पोराने केली, म्हणून माझे सत्कार व्हायचेच बाकी होते. मला खूप आनंद झाला होता, हे लपवून काय करू?

बाराव्या दिवशी दुपारच्या शोला यादोराव आले.

स्वच्छ धोतर, पांढरी बंडी, गळ्यात दुपट्टा, हातात पिशवी. सत्तरीचे असतील. फाटकाशी उभे राहून ते पोस्टरकडे बघत होते. मला माईकसह पाहून टॉकीजचा माणूस समजले असावेत.

“बापू, पानीवाला पिक्चर हाच होय ना जी?”

“पाणीवाला?”

“रोमचा. त्याच्यात पानी आहे म्हनतेत.”

मी हो म्हणालो. शोला वेळ होता, म्हणून चहाच्या टपरीवर घेऊन गेलो. ते सौंदडच्या पलीकडच्या एका गावचे. त्यांच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधला होता आणि त्या तलावाचं पाणी शेतांना सोडायचं काम अजून यादोरावांकडेच होतं. धानाची कापणी अंगणात येऊन पडलेली असताना ते सकाळच्या गाडीने पिक्चर पाहायला गोंदियाला आले होते. शेवटचा पिक्चर कधी पाहिला होता, ते त्यांना आठवत नव्हतं.

“माह्या पोरानं बनवलं ते पानी,” ते म्हणाले. “पीयूष नाव. हैदराबादले होता कम्पुटरवर. बाहेरदेशचे लोक त्यायच्याकडून पिक्चरचं काम करून घेत. तो पहिल्यांदा म्हने का बाबा, मी पानी बनवतो, तं मी त्याले बोललो. म्हनलं, पानी काय बनवावं लागते? पानी अडवावं लागते. तो हासे.”

चहा निवत चालला होता, तो त्यांनी तसाच हातात धरला होता.

“मार्चात काविळीनं गेला. आठ दिवसांत. त्याच्या पहिले फोन आला होता. म्हने, बाबा, पिक्चर आला का जरूर पाहा. त्या पान्यात मी तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलो आहे. काय आहे ते आता सांगत नाही, पाहाल तं ओळखाल. मी दोनदा विचारलो, सांगतलं नाही.”

“आणि काकू? त्या नाही आल्या?”

“सुमित्रा म्हने, माह्याच्यानं नाही पाहावत. तुम्ही जा, पाहून या, अन् घरी आले का मले सांगा पोरानं काय ठेवलं ते.”

माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. तलाव, पायऱ्यांची विहीर, वरून खाली उपसायच्या खुंट्या, तणीस. सगळं एका झटक्यात जुळलं. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा डोक्यात आला तो नवा व्हिडिओ. तणीसवाल्याचा बाप. आत जाताना भोळा, बाहेर येताना रडवेला. बारा दिवसांपूर्वीच्या गमतीला असा शेवट मिळाला असता तर पाच लाखांचे वीस लाख झाले असते. म्हणून मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो चेहरा मिळाला नसता.

मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं, मधल्या रांगेत बसवलं आणि चष्मा पुसून दिला. एवढा भला माणूस मी उभ्या आयुष्यात कधी नव्हतो.

बाहेर आलो तर मॅनेजर टिकाराम पान लावत उभा होता. मला पाहून त्याने पाठीवर थाप मारली.

“तू तं बडा आदमी झाला बे. तुह्या व्हिडिओनं कंपनी हालली.”

“म्हणजे?”

“पिक्चरची नवी फाइल आली ना परवा. वरतून हुकूम, जुनी चालवायची नाही. ते तुह्यं तनीस गेलं. आता तेथी लोखंडी दार आहे, चाक फिरवलं का पानी येते. एकदम झकास दिसते.”

“आणि जुनी?”

“पुसली. ठेवता येत नाही.”

मी पायरीवर बसलो. आत जाऊन त्यांना उठवून आणावं असं शंभरदा वाटलं. उठवून काय सांगणार होतो? आतून जहाजांचा, तलवारींचा, ओरडणाऱ्या गर्दीचा आवाज भिंतीतून येत होता आणि मला तो पावणेतीन तासांचा हिशोब पाठ होता. आता बादशहा हात वर करतो. आता गुलाम खाली उतरतो. आता यादोराव पुढे सरकून बसले असतील. मला माझीच शिसारी आली. तरी मी उठलो नाही.

शेवटी नावं सुरू झाली की आमच्याकडे दिवे लागतात, पडदा काळा होतो आणि झाडूवाली आत शिरते. त्या नावांत कुठेतरी पीयूषचंही असेल. ते कोणीच कधी पाहिलेलं नाही, मीसुद्धा.

लोक बाहेर आले. एकाने स्वतःहून माईक ओढला आणि “भाई, पानीवाला सीन एक नंबर!” असं ओरडून गेला. यादोराव सगळ्यांच्या मागून आले, दुपट्ट्याने चष्मा पुसत. मी माईक पाठीमागे धरला. बटण चालू होतं की बंद, मला आता आठवत नाही.

“कसा वाटला काकाजी?” सवयीने तोंडातून निघून गेलं.

“मले काईच ओळखू नाही आलं,” ते म्हणाले.

ते रडत नव्हते. शाळेत नापास झालेलं पोर घरी जायला भितं, तसे ते फाटकाशी थांबले होते.

“पानी पाहिलो. साजरं होतं. जहाजं पाहिलो. एक लोखंडाचं दार होतं, ते आमच्या गावात नाही. एक झाड होतं, म्हनलं ते असंल का? पन तसं झाड आमच्याकडे नाही. एक म्हातारा होता काठीवाला, म्हनलं तो मी असंन का? तो बी नव्हे. एवढं पोरानं सांगून ठेवलं अन् माह्या डोळ्याले दिसलं नाही. आता घरी तिले काय सांगू जी?”

“काकाजी, तुमचे डोळे चांगले आहेत,” मी म्हणालो. “ते होतं पिक्चरमध्ये. मग काढून टाकलं.”

“कोनी?”

“कंपनीने.”

हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते मला इतक्या सहज बोलता आलं.

“तुमी पाहिलं होतं?”

मी त्यांना टपरीच्या बाकावर बसवलं आणि फोन काढला. मूळ पिक्चर आता कुठल्याच टॉकीजमध्ये नव्हता. होती ती माझ्याकडची अकरा सेकंदं, लाल गोलासकट, हसऱ्या तोंडासकट. मी आवाज पूर्ण बंद केला, हसऱ्या तोंडावर बोट ठेवून फोन त्यांच्यापुढे धरला आणि चालू केलं.

गुलाम पायऱ्या उतरला. यादोरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या बोटासकट फोन हातात घेऊन नाकापाशी नेला. पहिली खुंटी निघाली, दुसरी निघाली.

“तुडुम,” ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, “अरे, हा तं आमचा तुडुम होय! तलावाचं पानी याच्यातूनच सोडतो मी. पाहा, पाहा जी, ही पाचवी पायरी, हिचा कोना तुटला आहे. तो माह्या आज्याच्या हातून तुटला होता. अन् पाहा, वरची खुंटी पहिले. खालची पहिले काढली तं पानी मानूस घेऊन जाते. त्याले मी कधी सांगतलो नव्हतो. तो तलावाच्या पाळीवर बसून राहे, माह्याकडे पाहेच नाही, मले वाटे याचं ध्यान नाही.” त्यांनी बोटाने पडद्यावरच्या पिवळ्या काड्यांना स्पर्श केला, तर चित्र थांबलं. “तनीस बी गुंडाळलं. उजव्या बाजूनं. असंच गुंडाळतो मी.”

त्यांचा चेहरा एवढा उजळला होता की मला वाटलं, सुटलो. आता हे आनंदाने गाडी धरतील, घरी जाऊन सुमित्राबाईंना सांगतील आणि मी घरी जाऊन तो व्हिडिओ पुसून टाकीन. एवढ्यावर भागलं असतं.

“आवाज करा ना जी,” ते म्हणाले. “पानी कसं पडते ते आयकू द्या.”

“आवाज खराब आहे काकाजी.”

“असू द्या. पान्याच्या आवाजावरून मले समजते किती खुंट्या निघाल्या ते.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्याच हातात फोन होता, आणि बाजूचं बटण दाबून आवाज वाढवायला त्यांना त्यांच्या पोरानेच शिकवलं असणार. आवाज वाढवून त्यांनी चित्र पहिल्यापासून चालू केलं.

पाणी ऐकू आलंच नाही. गुड्डूचा ठसका ऐकू आला, हसण्याची उकळी ऐकू आली आणि त्यावरून माझा आवाज. रोममध्ये धान कोनी लावला बे? कोन्या अडाण्यानं बनवलं हे?

टपरीवाल्याला तो व्हिडिओ पाठ होता. तो सवयीने हसला आणि आमच्याकडे पाहून घाईघाईने कप विसळायला लागला.

यादोरावांनी अकराच्या अकरा सेकंदं ऐकली. मग माझ्याकडे पाहिलं.

“हा तुमचा आवाज होय ना?”

“हो.”

“मंग कंपनीनं...”

“माझ्यामुळे काढलं. लोक हसले म्हणून.”

“काऊन हासले?”

मी सांगायचा प्रयत्न केला. रोममध्ये धान पिकत नव्हता, धान नाही तर तणीस कुठून येणार, म्हणून ती चूक, म्हणून हसू. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“पन तनीस नाही गुंडाळलं तं खुंटी झिरपते,” ते म्हणाले. “कोठचं बी पानी असो.”

त्या पिक्चरवर मी गेल्या बारा दिवसांत दोनशे माणसांची मतं घेतली होती. हे एक मत माझ्याकडे रेकॉर्ड नाही.

गाडीला अजून तासभर होता. मी म्हणालो, मी तुमच्या गावी येतो, काकूंना मीच सांगतो. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते मला कळलं नाही. फोन त्यांनी परत दिला नाही. खालच्या बाजूला जिथून आवाज येतो, ती बारीक भोकं त्यांनी चाचपून शोधली, त्यांवर अंगठा घट्ट दाबून धरला आणि ती अकरा सेकंदं पुन्हा पहिल्यापासून लावली.