हळदीच्या अंगानं तोंडी परीक्षा

रहाटणीच्या सोनबाच्या अंगणात हळद चालली होती आणि ऐन वैशाखाच्या उन्हात प्राध्यापक मोघे सायकलवरून येऊन उतरले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, पँटची एक बाजू चेनच्या वंगणानं काळी झालेली. नवऱ्याकडचा कुणी पाहुणा असेल असं समजून बायकांनी त्यांच्यापुढं गूळपाणी केलं. मोघ्यांनी ते उभ्या उभ्याच संपवलं आणि पाटावर बसलेल्या, कपाळापासून पावलांपर्यंत पिवळ्या झालेल्या नवरीला म्हणाले, "इंद्रायणी, परीक्षक उद्या येताहेत."

"सर, उद्या माझं लग्न आहे."

"ते दिसतंय मला," मोघे म्हणाले आणि पायरीवर बसले.

हे १९५७ सालचं. इंद्रायणीनं गणेशखिंडीतल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा एम.एस्सी.चा प्रबंध लिहिला होता. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, त्या काणी रोगावर. काम पुरं झालं होतं, प्रबंध मान्य झाला होता, राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. परीक्षक नागपूरचे डॉ. देवपुजारी. ते विषमज्वरानं आजारी पडले म्हणून परीक्षा पुढं गेली, आणि इकडं लग्नाची तारीख ठरून बसली. आता ते बरे झाले होते, पण विलायतेला निघाले होते. मुंबईला बोटीवर चढण्याआधी एक दिवस पुण्यात थांबणार होते. तो दिवस म्हणजे उद्याचा.

"उद्या जमलं नाही तर दुसरा परीक्षक नेमावा लागेल," मोघे म्हणाले. "त्यानं प्रबंध पहिल्यापासून वाचायचा. वर्ष गेलंच समज. तुझं तू ठरव. मी फक्त सांगायला आलो."

"मला परीक्षा द्यायची आहे," इंद्रायणी म्हणाली.

हळद लावणारी तिची आत्या पुतळाबाई हातातली वाटी धरून तशीच थांबली. "आगं बाई, हळद लागल्यावर पोरीनं येस वलांडायची नसती. त्यात नदीपल्याड? काय तरीच!"

सगळ्यांनी सोनबाकडं पाहिलं. सोनबा गणेशखिंडीत माळी होता. तो कामाला लागला तेव्हा तिथं लाटसाहेबाचा बंगला होता. साहेब पावसाळ्यात राहायला यायचा, आणि तो असेपर्यंत माळ्यांनी पुढच्या पायऱ्यांच्या बाजूला फिरकायचं नाही, अशी शिस्त होती. भाकरी घेऊन येणारी लहानगी इंद्रायणी मागच्या कुंपणापाशी उभी राहायची. पुढं साहेब गेला, त्याच बंगल्यात विद्यापीठ आलं, आणि माळी तेच राहिले. सोनबाची पोर त्याच बंगल्यात शिकू लागली तेव्हा रहाटणीत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"पोर आता त्यांची झाली," सोनबा म्हणाला. "इहीणबाईंना इचारतो. त्या न्हाई म्हणल्या तर न्हाई."

चाकणहून वऱ्हाड संध्याकाळी आलं आणि गावच्या शाळेत उतरलं. नवरा मुलगा ज्योतीराम पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात होता, शांत, चष्मेवाला. त्याचे वडील मालोजी त्याहून शांत. बोलायचं काम घरात सुभद्राबाई करायच्या. सोनबा हात जोडून त्यांच्यापुढं उभा राहिला तशी त्या दचकल्या.

"काय झालं इवाई? पोर बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. तिची उद्या परीक्षा हाय."

"आता लगनाच्या दिशी कसली परीक्षा?"

सोनबानं जमेल तसं सांगितलं. सुभद्राबाई ऐकत राहिल्या. मागून ज्योतीराम म्हणाला, "आई, जाऊ दे तिला."

"तुला कुनी इचारलं?" त्यांनी मागं न बघताच म्हटलं. मग सोनबाला, "लग्नाची येळ गोरजाची. तवर येईल का ती?"

"सर म्हणत्यात, येईल."

"हळदीच्या पोरीनं एकटीनं भाईर जाऊ न्हाई, असंच हाय ना?"

बरोबर आलेली पुतळाबाई म्हणाली, "एकटीनं न्हवं, जाऊच न्हाई!"

"तुमच्याकडं तसं आसंल. आमच्याकडं एकटीनं म्हणत्यात, आन् पोर आता आमची." सुभद्राबाई उठल्या आणि पदर खोचला. "ती कशाला एकटी जातीय? टरक उभा हाय दारात. आमी समदेच जातो. लाटाचा बंगला मला बी बघायचाच हाय."

एरवी कांदा वाहणारा तो ट्रक दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर निघाला. पुढं डायव्हरशेजारी इंद्रायणी आणि तिची आत्या. प्रथा सांगून नको म्हणणारी पुतळाबाई सगळ्यांत आधी चढून बसली होती. मागं सुभद्राबाई, मालोजी, सोनबा आणि बरंचसं वऱ्हाड. वाजंत्र्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, पण ट्रक निघाल्यावर आपण मागं राहून कुणासाठी वाजवायचं, म्हणून तेही सनई-हलगीसकट आले. नवरा मुलगा तेवढा मंडपात राहिला. त्यालाही यायचं होतं, पण आईनं डोळे वटारले.

औंधचा पूल ओलांडून ट्रक विद्यापीठाच्या फाटकाशी आला. पहारेकऱ्यानं हात केला, मग सोनबाला ओळखून जवळ आला.

"सोनबा, हे काय रे?"

"पोर परीक्षेला आलीय."

"आणि ही मंडळी?"

"सोबत," सोनबा म्हणाला.

पहारेकऱ्यानं नवरीकडं पाहिलं, हलगीकडं पाहिलं, आणि "आत वाजवू नका म्हणजे झालं," एवढं बोलून फाटक उघडलं.

परीक्षेच्या खोलीत डॉ. देवपुजारी प्रबंध उघडून बसले होते. आजारानं गाल बसलेले, आवाज मात्र खणखणीत. इंद्रायणी आत आली तसे ते चमकले.

"तुम्हाला कावीळ झाली आहे का?"

"हळद आहे, सर. आज माझं लग्न आहे."

देवपुजाऱ्यांनी मोघ्यांकडं पाहिलं. मोघ्यांनी मान डोलावली. "अहो मग," देवपुजारी म्हणाले, "दोन प्रश्न विचारतो आणि सोडतो तुम्हाला. प्रबंध चांगलाच आहे."

इंद्रायणीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तीन हंगाम तिनं कणसं चाळली होती. "सर," ती म्हणाली, "इतरांना विचारता तेवढंच मलाही विचारा. नाहीतर मला पुढं वाटत राहील, की हळदीमुळं पास झाले."

देवपुजाऱ्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. ही काणी बियाण्यातून पसरते, जमिनीतून नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. कशावरून?"

साधा प्रश्न. अर्ध्या झोपेतही तिनं उत्तर दिलं असतं. पण त्याच क्षणी बाहेरून कुणाच्या तरी बोटानं हलगीवर हलकेच टकटक केली, आणि तिच्या डोक्यातलं सगळं उडालं. मंडप, मुहूर्त, बाहेर थांबलेली सासू, एवढंच उरलं. मोघे खुर्चीत अवघडून बसले.

"पाणी घ्या," देवपुजारी म्हणाले.

तिनं पाणी घेतलं. मग म्हणाली, "सर, मी फळ्यावर काढून दाखवू?"

"दाखवा."

तिनं खडू उचलला आणि कुंड्यांच्या दोन रांगा काढल्या. एका रांगेत धुऊन गंधक चोळलेलं बियाणं, दुसरीत तसंच पेरलेलं. माती दोन्हीकडं एकाच शेतातली, काणी मात्र फक्त दुसऱ्या रांगेत. कुंड्या काढता काढता तिला तो हंगाम आठवला, पोपटांनी खाल्लेली कणसं आठवली, आणि बोलणं आपोआप सुरू झालं. देवपुजाऱ्यांनी पुढं विचारलं, ती सांगत गेली. एकदा ते आपल्याच मुद्द्यावर अडून बसले, ती तिच्या मुद्द्यावर. फळा भरला, पुसला गेला, पुन्हा भरला. शेवटी त्यांनी विचारलं, "रब्बीच्या पिकावर ही काणी कमी का दिसते?"

"माहीत नाही, सर," इंद्रायणी म्हणाली. "अंदाज सांगू शकेन, पण पाहिलेलं नाही."

बाहेर हलगीवाल्याला मालोजींनी दंडाला धरून लांबच्या वडाखाली नेऊन बसवलं होतं. दिवसभरात त्यांनी केलेलं तेवढंच काम, पण ते चोख केलं.

सुभद्राबाई बंगल्याचा उंच मनोरा मान वर करून बघत होत्या. "इवाई, आतून दावा की."

"या," म्हणत सोनबा मागच्या बाजूला वळला. चार पावलं गेल्यावर सुभद्राबाई थांबल्या.

"म्होरचं दार बंद हाय का?"

"न्हाई, उघडं हाय."

"मग आपण मागनं का निघालो?"

साहेब जाऊन दहा वर्षं झाली होती. विद्यापीठात त्याला कधी कुणी अडवलं नव्हतं. पाय सवयीनं मागं वळत होते, एवढंच. तो परत फिरला, पायऱ्यांपाशी वहाणा काढल्या, आणि फेटा सारखा करून चढला. वर एक कारकून हातात फाइल घेऊन चालला होता. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "या, या. आज मुलगी इथं, तुम्ही इथं, लग्न कुठं आहे मग?"

सोनबा हसला. आतल्या मोठ्या दालनाच्या छताकडं बघत तो बराच वेळ उभा राहिला. बाहेरून या खिडक्यांखालच्या वेली त्यानंच वाढवल्या होत्या. आतून त्या कशा दिसतात ते तो पहिल्यांदा बघत होता. सुभद्राबाईंनी भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "थंड हाय हो!"

ऊन कलायला लागलं तसा सगळ्यांचा जीव खालीवर होऊ लागला. पुतळाबाई दर थोड्या वेळानं "मी सांगितलं हुतं" म्हणायची. शेवटी इंद्रायणी बाहेर आली. हातांवर हळद, त्यावर खडूची पांढरी भुकटी. तिच्यामागं मोघे आणि देवपुजारी.

"काय झालं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"पास झाले, सासूबाई. दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्यात."

"पास?" सुभद्राबाई वडाकडं वळल्या आणि ओरडल्या, "आरं, वाजवा आता!"

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कपाळाला हात लावला, पण हलगी थांबली नाही. वसतिगृहातली पोरं धावत आली आणि कुणाचं काय हे न विचारताच नाचू लागली. देवपुजारी बघत उभे होते. सुभद्राबाईंनी त्यांना विचारलं, "तुमी पोरीचे मास्तर?"

"परीक्षक. माझी गाडी रात्री आहे."

"मग लग्नाला चला. उपाशी कशाला जाताय?"

ते नको नको म्हणत होते, पण मोघ्यांनी त्यांना पुढं बसवलं आणि पुतळाबाई मागं गेली. ट्रक वाटेत एकदा पिंपळे सौदागरपाशी बंद पडला. वऱ्हाडानं उतरून ढकलला, देवपुजाऱ्यांनीही खाली उतरून एक हात लावला. रहाटणीच्या वेशीत शिरताना पुढं गुरं परतत होती आणि धुळीत काही दिसत नव्हतं. भटजी मंडपाच्या दारातच उभे होते. हातपाय धुऊन, शालू नेसून इंद्रायणी अंतरपाटापाशी आली तेव्हा तिच्या नखांत खडू तसाच होता. मंगलाष्टकं भटजींनी इतकी भरभर म्हटली, की अक्षता टाकायच्या कधी ते देवपुजाऱ्यांना कळेना, आणि त्यांनी सगळ्या एकदमच टाकल्या.

सकाळी वऱ्हाड चाकणला परत निघालं. भोसरी गेल्यावर ज्योतीराम पहिल्यांदाच नवरीशी नीट बोलला.

"काय काय विचारलं त्यांनी?"

इंद्रायणीनं सगळं सांगितलं, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत. तो मध्ये मध्ये शंका विचारत होता, आणि शंका चांगल्या होत्या. मग ती म्हणाली, "तुमच्या कारखान्यात बुरशी टाक्यांत वाढवतात ना? केवढ्या असतात टाक्या?"

"आपल्या घराहून उंच."

"घराहून?" ती सरळ होऊन बसली. "मला बघायच्यात. कधी नेताय?"

"आधी जेजुरीला जायचंय. आई सोडायची नाही."

"मग जेजुरीहून आल्यावर लगेच."

मागून सुभद्राबाई ओरडल्या, "आन् मला कोण नेणार? एकटी पोर जायची न्हाई, सांगून ठेवते!"