दोन तासांसाठी उतरवलेली तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी चौकट आहे. माझ्या आत बाबासाहेबांचा फोटो आहे. निळा कोट, हातात पुस्तक. येणारा-जाणारा फोटोकडे बघतो, चौकटीकडे कुणी बघत नाही, आणि ते बरोबरच आहे. फोटो सांभाळणं एवढंच माझं काम. सत्तावीस वर्षांत त्यात एकदाच खंड पडला. तो कसा पडला ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म १९७१ सालचा, नागपूरच्या कमाल चौकातला. तिथल्या कारागिरानं चार पट्ट्या तिरक्या कापल्या, सरस लावून जोडल्या, वर पॉलिश फिरवलं, पुढून काच आणि मागून पुठ्ठा बसवला. सुमित्राबाई मला न्यायला आल्या तेव्हा चार वर्षांचा धर्मराज त्यांचं बोट धरून होता. दुकानापासून इंदोऱ्याच्या घरापर्यंत त्या मला छातीशी धरून चालत गेल्या. घर एका खोलीचं. धर्मराज आणि त्याची धाकटी बहीण वीणा माझ्याखाली बसून पाढे पाठ करायची. वडील लवकर गेले होते. सुमित्राबाई उजाडायच्या आत कामाला निघायच्या, पण निघण्याआधी पदराच्या कोपऱ्यानं माझी काच पुसायला कधी विसरल्या नाहीत.

१९८८ साली धर्मराज शिकायला अमेरिकेत निघाला. बॅगेत लोणचं, कुकर, दोन स्वेटर आणि मी. स्टेट कॉलेज नावाच्या गावात चार विद्यार्थी मिळून राहत, त्या घरातल्या बैठकीत त्यानं मला लावलं. एका चौदा एप्रिलला बाहेर उरलेला बर्फ असताना नऊ जण आले. त्यातले दोघे तीन-तीन तास गाडी चालवून आले होते. माझ्यासमोर दाटीवाटीनं बसून त्यांनी खिचडी खाल्ली. एक मुलगा म्हणाला, "यार धर्मराज, घरी आल्यासारखं वाटलं." माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

पुढे धर्मराजला फिलाडेल्फियात नोकरी लागली आणि उपासनाशी लग्न झालं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. दारातून आत येणाऱ्याला मी समोरच दिसावी अशा जागी उपासनानं स्वतः खिळा ठोकला होता.

१९९७च्या उन्हाळ्यात सुमित्राबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या. आधी दोन महिने लेकीकडे, टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहिल्या. वीणा तिथे फार्मसिस्ट होती, तिचा नवरा प्रसन्न डॉक्टर. चार जुलैच्या सुट्टीला वीणा, प्रसन्न, त्यांची सात वर्षांची सिया आणि सुमित्राबाई असे सगळे विमानानं फिलाडेल्फियाला आले. तीन दिवसांचा मुक्काम.

तयारी जोरात होती. बेडरूम आईंना, सोफा उघडून वीणा आणि प्रसन्नला, यजमान दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर. बाथरूम एकच, त्यामुळे सकाळी रांग. खिडकीतला एसी घरघर करायचा आणि तरी घाम निघायचा. आल्या आल्या सुमित्राबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या, हात जोडले, पदरानं काच पुसली आणि धर्मराजला म्हणाल्या, "पाह्य बापू, हा आपल्याआधी पोचला इथं." सगळे हसले. वीणा हसली नाही. शुक्रवारी त्यांनी परेड बघितली, उन्हात हिंडून आईंचे पाय सुजले. तरीही तो दिवस आनंदात गेला.

शनिवारी दुपारी जेवायला पाहुणे येणार होते. उल्हास आणि मालिनी. वीणाचे जुने स्नेही, पूर्वी ह्यूस्टनला असायचे, आता न्यू जर्सीत. उल्हासचा मोठा भाऊ ह्यूस्टनमध्ये दवाखाना चालवत होता आणि प्रसन्नला त्यात भागीदार म्हणून घ्यायचं घाटत होतं. उपासनानं बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला होता, डब्यातल्या पल्पचा आमरस केला होता. सुमित्राबाई अंघोळीला गेल्या आणि वीणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, एक विचारू? हा फोटो दोन तास उतरवशील?"

धर्मराजला आधी कळलंच नाही. "का गं? खिळा ढिला झालाय?"

"त्यांना माहीत नाहीये. आमच्या तिकडच्या मराठी मंडळात कुणालाच माहीत नाहीये."

उपासना हातातली पळी तशीच धरून बाहेर आली. "वीणा, हे माझंही घर आहे. मी कुणासाठी काही उतरवणार नाही."

वीणाचे डोळे भरले. "वहिनी, तुम्हाला मूल नाही अजून. सियाच्या पाचव्या वाढदिवसाला मी अकरा मुलं बोलावली होती. त्याच आठवड्यात मी एका मैत्रिणीला विश्वासानं सांगितलं होतं, आम्ही कोण ते. एकही मूल आलं नाही. कुणाला ताप, कुणाचं कॅन्सल झालं. सिया संध्याकाळपर्यंत खिडकीत उभी होती. त्यानंतर आम्ही नव्या ओळखीत कुणाला सांगितलं नाही. दोन तास, दादा. प्लीज."

प्रसन्न खाली मान घालून बसला होता. धर्मराजनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यानं दोन्ही हातांनी मला खिळ्यावरून काढलं. इतक्यात खालून बेल वाजली. घाईत त्यानं मला उपडी करून सोफ्याखाली सरकवलं. सोफ्याच्या लोखंडी पायावर माझी काच आपटली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

पुढचे दोन तास मला फक्त पाय दिसले. मालिनीचे रंगवलेल्या नखांचे पाय, उल्हासचे मोजे. मग ओले, भेगाळलेले, सुजलेले पाय बाथरूममधून बाहेर आले आणि रिकाम्या खिळ्यासमोर थबकले. सुमित्राबाईंचे पाय वळले आणि हळूहळू खुर्चीपाशी गेले.

जेवणं सुरू झाली. रस्स्याची तारीफ झाली. सियाचा चमचा खाली पडला, तो घ्यायला ती वाकली आणि तिनं मला कडेनं उचलून पाहिलं.

"मम्मा! देअर्स अ मॅन अंडर द काउच!"

उल्हास मोठ्यानं हसला. "कोण आहे? बघू तरी."

"अरे, काही नाही," प्रसन्न घाईनं म्हणाला. "जुनी फ्रेम आहे. टाकून द्यायची म्हणून काढून ठेवलीय."

त्यानं पायानं मला आत ढकललं. विषय बदलावा म्हणून असेल, किंवा सहजही असेल, मालिनी सुमित्राबाईंकडे वळली.

"काकू, नागपुरात कुठे असता तुम्ही? माझं माहेर तिथलंच. रामदासपेठ."

इंदोरा म्हटलं असतं तर नागपूरच्या माणसाला आम्ही कोण ते लगेच कळलं असतं. सुमित्राबाईंच्या पायाची बोटं आवळली गेली. वीणाचे पाय हललेच नाहीत.

"धरमपेठेत," सुमित्राबाई म्हणाल्या.

"अय्या, हो? धरमपेठेत कुठे?"

सुमित्राबाईंनी नीट पत्ता सांगितला. झेंडा चौक, तिथून डावीकडे वळून तिसरं घर, दारात पारिजातक. पत्ता अगदी खरा होता. त्या घरी त्यांनी अकरा वर्षं भांडी घासली होती.

"म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूच्या की!" मालिनीला मनापासून आनंद झाला. तिनं सुमित्राबाईंच्या ताटात आग्रहानं आमरस वाढला. पाहुणे पाच वाजेपर्यंत बसले, पुन्हा भेटायचं ठरवून गेले.

दार लागलं तसा प्रसन्ननं सुस्कारा सोडला. "आई, किती छान सांभाळलंत तुम्ही."

"धर्मा," सुमित्राबाई म्हणाल्या, "तो फोटो काढ बाहेर."

धर्मराजनं मला ओढून काढलं. तडा बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरून गेला होता. उपासनाला रडू फुटलं. वीणा आईच्या गुडघ्याशी बसली. "आई, काहीतरी बोल. रागव मला."

"तुला काय रागवू बाई? बोलली तर मी. माझ्या तोंडानं बोलली."

धर्मराज मला पुन्हा खिळ्याला लावायला निघाला. सुमित्राबाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे. तू लावशील, मग पुन्हा कुणी येईल. मी घेऊन जाते याला."

त्या नोव्हेंबरपर्यंत राहणार होत्या. ऑगस्टातच परतल्या. मीही त्यांच्यासोबत इंदोऱ्याला आले.

आता खिळ्यावर जाईन असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मला कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. शेजारणी म्हणायच्या, "काच बदलून घ्या ना सुमित्राबाई, वर लावा." त्या म्हणायच्या, "घेईन." दीड वर्षात त्यांनी मला हात लावला नाही. कंटाळा नव्हता हो तो. एकदा दिवे गेलेले असताना त्या कपाटाखाली उभ्या राहून पुटपुटल्या, "कोणत्या तोंडानं पाहू?" चौकटीला वाचा नसते, मित्रांनो, नाहीतर मी सांगितलं असतं की त्या दुपारी मी सोफ्याखाली होते आणि कुणी कुणासाठी काय केलं ते मला दिसलं होतं.

१९९९च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. दोन्ही मुलं आली, पण उशिरा पोचली. बौद्ध पद्धतीनं पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर घर आवरताना वीणाला मी सापडले. तिनं माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली. तड्यावर तिचं बोट कापलं.

"दादा, हा मला दे."

धर्मराजनं विचारलं, "कुठे लावशील?"

वीणानं कापलेलं बोट ओढणीत गुंडाळलं. "माहीत नाही," ती म्हणाली.

त्यानं तरीही मला तिच्या हातात दिलं.

आता मी शुगर लँडला आहे. काच नवी बसवलीय. मी त्यांच्या बेडरूममध्ये टेबलावर भिंतीला टेकून उभी असते. सिया कधीकधी येऊन माझ्यासमोर बसते आणि "व्हू वॉज ही?" असं विचारते. तेव्हा वीणा सगळं सांगते, आवाज खाली न आणता. पण पाहुणे आले की बेडरूमचं दार लोटलं जातं. परवा उल्हास आणि मालिनी येऊन गेले. मालिनीनं विचारलं, "काकू कशा आहेत?" वीणा म्हणाली, "आई गेली." मालिनी खरंच रडली. दाराच्या फटीतून मला ते ऐकू आलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तसबिरीची काच कोरड्या फडक्यानं पुसा, तिला ओल लागू देऊ नका. आणि तुमच्या घरी कुणाची आई लांबून आली, तर तिला प्रवास कसा झाला ते विचारा, पाय दुखतात का विचारा, चहात साखर किती घालू ते विचारा. ती कुठल्या गल्लीत राहते ते विचारू नका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती स्वतः सांगेल.