अंगावरचं सारं दिलेली काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. दवाखान्यात मला स्लाइड म्हणतात. लांबीला तुमच्या बोटाएवढी, जाडीला नखाएवढी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण भल्याभल्या शिकलेल्यांनी माझ्यावर वाकून डोळे बारीक केलेत, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात मोठ्या तावदानातून मला कापलं, कडा घासल्या आणि धुऊनपुसून पन्नास जणींबरोबर डबीत बसवलं. माझं एक टोक मुद्दाम खरखरीत ठेवलंय. त्यावर रोग्याचं नाव लिहायचं, तेही पेन्सिलीनंच. शाई मोठ्या ऐटीत उमटते आणि स्पिरिटात पडली की वाहून जाते.

एके सकाळी माझ्या वाट्याला एक घोषणावाली आली. बसस्थानकावर सुटणाऱ्या गाड्या पुकारायच्या, हे तिचं काम. गळ्यात, थायरॉइड ग्रंथीवर, बोराएवढी गाठ. डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घातली आणि आलेला थेंब आम्हा चौघींवर पसरला. तिघींवर नुसतं रक्त. पेशी आल्या त्या माझ्याच अंगावर. मी जरा ताठले, खोटं कशाला बोलू?

मला रंगवून, वर पातळ काच चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. पेशी ना धड साळसूद, ना धड वाईट. शेवटी त्यांनी अहवालात लिहिलं, 'अनिश्चित'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा तोरा माझा, आणि गाठ कॅन्सरची आहे की नाही एवढंही मला सांगवलं नाही.

दुसऱ्यांदा सुई घातली, तेव्हा तर रक्ताशिवाय काहीच आलं नाही. मग सर्जननी सांगितलं, अर्धी ग्रंथी काढू, म्हणजे खात्री होईल. तारीखही ठरली. त्या दुपारी घोषणावाली सासूला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आली. मी टेबलावरच होते.

"आवाजाला धक्का लागेल का हो?" तिनं विचारलं.

"बहुतेकांना नाही लागत. थोड्यांना लागतो."

"त्या थोड्यांत मीच निघाले तर?"

सासू मध्ये पडली. "अहो बाई, पंधरा वर्षं ही मला उलट उत्तरं देतेय. ही गप्प झाली तर मी भांडू कुणाशी? भिंतीशी?"

घोषणावाली हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तशी सासू खालच्या आवाजात म्हणाली, "कापण्याआधी त्या गाठीला आणखी काही विचारता येतं का?"

"येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशींच्या आत जनुकं असतात. वाईट गाठींत पुष्कळदा त्यांच्यात ठरावीक बदल सापडतात. ते शोधायची मॉलिक्युलर तपासणी आहे. पण तिला पेशी लागतात, आणि आपल्याकडे आहेत त्या एवढ्या या काचेवर. खरवडून पाठवल्या तर काच रिकामी होईल. पुन्हा बघायला फक्त फोटो उरतील."

"पाठवा," घोषणावाली म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. माझे फोटो काढले. वरची काच सुटेपर्यंत मला औषधात बुडवलं. मग धारदार पात्यानं माझ्या अंगावरच्या पेशी खरवडून एका चिमुकल्या नळीत भरल्या. दुखलं नाही. पण ज्याचा तोरा होता तेच गेलं, मित्रांनो.

शस्त्रक्रियेला दोन दिवस उरले असताना निकाल आला. धोक्याचे बदल सापडले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी भलती हमी दिली नाही. त्या म्हणाल्या, "कॅन्सरची शक्यता फार कमी आहे. मुळीच नाही, असं मी म्हणणार नाही. सर्जनशी बोललेय, आत्ता कापायचं नाही. पण सांगितल्या वेळी सोनोग्राफी चुकवायची नाही."

"ऐकलंस ना?" सासू म्हणाली. "नाहीतर हाताला धरून आणीन."

"तुम्ही नुसतं धराल होय? फरफटत आणाल," सून म्हणाली. सासूनं पहिल्यांदाच उलट उत्तर मुकाट्यानं ऐकून घेतलं.

लॅबमधला माणूस मला फुटक्या काचांच्या डब्यात टाकायला निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्या हातून घेतलं आणि खणात ठेवलं. तिथे मी वर्षभर पडून राहिले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

वर्षानं घोषणावाली आली. गाठ होती तेवढीच होती. तिनं मला बघायला मागितलं आणि उजेडाकडे धरलं.

"हिच्यावर तर काहीच नाही."

"होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या कामी आलं."

तिनं मला फिरवलं. खरखरीत टोकावर पेन्सिलीची अक्षरं होती. जन्मभर गाड्या पुकारणाऱ्या त्या बाईनं स्वतःचं नाव वाचलं, मोठ्यानं, स्वच्छ, बाहेर बाकावर बसलेल्या सासूलाही ऐकू जाईल असं.

"काय गं, ओरडतेस कशाला?" बाहेरून सासू म्हणाली.

मित्रांनो, 'मला कळत नाही' असं कुणी खरं सांगितलं, तर त्याला हिणवू नका. पातं उचलण्याआधी आणखी एकदा विचारून बघा. आणि माझ्यासारखी एखादी हाती आली, तर कडेनं धरा, नि नाव पेन्सिलीनं लिहा.